टेबलावरचे सत्त्याऐंशी दिवस

मित्रांनो, मी एक जुना अँटेना ट्यूनर आहे. एवढं एक वाक्य जुळवायला मला बरेच दिवस लागले. ते ऐकून तुमच्यापैकी निम्मे जण "म्हणजे काय?" असं विचारतील आणि उरलेले खेळायला निघून जातील, अशी मला भीती वाटत होती. तुमचा त्यात दोष नाही. आगगाडीच्या इंजिनाला किंवा शाळेच्या घंटेला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा पत्र्याचा डबा. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली तुमचा चेंडू घरंगळत येतो, तिथे तुम्ही मला पाहिलंही असेल. तरीही मला बोलायचं आहे. मी माझ्या आयुष्यात एक चूक केली, किंवा निदान एका चुकीत सामील झालो, आणि ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

आधी मी काय काम करतो ते सांगतो. हौशी रेडिओ नावाचा एक छंद आहे. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात बोलायचा आणि ऐकायचा सेट ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि दूरदूरच्या माणसांशी बोलायचं. सेटमधून निघालेली ताकद केबलमधून वर जाते आणि तार ती आभाळात सोडते. पण सेटचं आणि तारेचं दर वेळी जमतंच असं नाही. तारेची लांबी हवी तेवढी नसली, की आलेली ताकद ती घेत नाही, उलट माघारी पाठवते. मग सेट कुरकुरतो, तापतो. अशा वेळी दोघांच्या मध्ये माझ्यासारखा मध्यस्थ बसवतात. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आहे, आणि एकमेकांत सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचे दोन जुडगे आहेत. बाहेरची बटणं फिरवून ते नीट जुळवले, की भांडण मिटतं. माझ्या तोंडावर एक काटा आहे. भांडण चालू असेल तोवर तो उभा राहतो. मिटलं की डावीकडे आडवा पडतो. माझा मालक म्हणायचा, "काटा झोपला."

माझा मालक कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे यायचे आणि हा खिडकीशी बसून त्यावर एकेक दात बसवायचा. त्याला सगळे दातवाले म्हणत. स्वभावाने इतका लाजरा, की जिन्यात शेजारी दिसला तर तो वर जाईपर्यंत हा खाली थांबायचा. त्याची बायको म्हणायची, "अख्ख्या गावाच्या तोंडात दात बसवतात, पण स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की यांना घाम फुटतो." रेडिओवर मात्र तो बोलायचा. तिथे समोर कुणाचा चेहरा नसे.

त्याने मला आपल्या हातांनी, त्याच कवळ्यांच्या टेबलावर बनवलं. तांब्याची तार त्याने कवळीचे दात घासायच्या चाकावर लख्ख घासली आणि प्लास्टरच्या साच्यावर गुंडाळून तिचं वेटोळं केलं. पत्र्याच्या कडा कानशीने अशा गोल केल्या, की बोटाला कुठे खरचटू नये. बाजारात मनासारखी बटणं मिळेनात, तेव्हा ज्या गुलाबी मसाल्याच्या तो हिरड्या करायचा, त्याचीच त्याने माझी बटणं ओतली. मित्रांनो, जगात गुलाबी हिरड्यांची बटणं असलेला ट्यूनर दुसरा नसेल. मी हे मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवतही असेन.

मला बनवण्यामागे एक कारण होतं, आणि ते फार गंभीर होतं.

त्याला एक मोठी बहीण होती. लहानपणी हा कुणाशी बोलत नसे, म्हणून तिने त्याचं नाव "मुक्या" ठेवलं होतं. तिच्याशिवाय त्या नावाने त्याला कुणी हाक मारलेली नाही. ती हवामान खात्यात होती आणि दूर समुद्रातल्या एका बेटावरच्या केंद्रात वारा आणि पाऊस मोजायची. बेटावर पंधरा दिवसांनी एक बोट जायची आणि वादळाच्या चार महिन्यांत तीही बंद असायची. अशाच चार महिन्यांत त्यांची आई गेली. ताईला येता आलं नाही. हा लाजरा माणूस बोलायला भीत असे, पण लिहायला भ्यायला नाही. त्याने एका पोस्टकार्डावर तिला लिहिलं, "आईपेक्षा तुला वारा मोजणं मोठं झालं."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढची दोन वर्षं दोघांमध्ये एक अक्षर गेलं नाही की आलं नाही.

मग एके दिवशी, बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटीने, तिचं पत्र आलं. त्याने ते टेबलावर उघडून ठेवलं होतं आणि मी तेव्हा नुसता कोरा पत्रा होतो, पण तिथेच होतो. पत्र असं होतं :

"मुक्या, मला इथे एक जुना सेट मिळाला आहे. परवानाही काढला. तूही या नादाला लागला आहेस असं कळलं. येत्या एक तारखेपासून मी रोज सकाळी सात वाजता हाक मारीन. सेटची सुई कुठे लावायची ते खाली लिहिलं आहे. राग संपला असेल तर उत्तर दे. नसेल तर देऊ नकोस. मला समजेल."

तिने लिहिलेल्या जागी बोलायला चाळीस हात तार हवी होती, आणि गच्ची होती पंचवीस हातांची. म्हणून ट्यूनर हवा होता. म्हणून मी.

मी तयार झालो तेव्हा महिना संपायला दोन दिवस उरले होते. आणि प्रश्न आला, की मला ठेवायचं कुठे?

तार खात्यातून निवृत्त झालेला एक लाइनमन त्याचा मित्र होता. त्याची कवळी दातवाल्यानेच केली होती. लाइनमनने मला उचलून पाहिलं, बटणं फिरवली, हसला आणि म्हणाला, "झकास. आता हा वर गच्चीत बसवा, तारेच्या बुडाशी."

"वर? पावसात?" माझा मालक म्हणाला.

"मग काय झालं? पेटी करा. ताडपत्री घाला."

"आणि बटणं फिरवायला रोज तीन मजले चढू?"

"एकदा जुळवलं की रोज कशाला फिरवायचं? अहो दातवाले, तुमची तार आखूड. ती ताकद माघारी पाठवणार. हा खाली राहिला तर भांडण फक्त सेटपुरतं मिटेल. वरच्या केबलमध्ये ते चालूच राहील. आणि ती केबल तुम्ही भंगारातून आणलेली."

"केबल चांगली आहे."

"चांगली आहे तर जाऊ द्या. माझं काय, मी चाललो उद्या लेकीकडे तीन महिने."

तो गेला. मालकाने मला हातात घेतलं, वर नेलं. गच्चीवर वारा होता, टाकीखाली ओल होती, कबुतरांची घाण होती. त्याने माझ्या पॉलिश केलेल्या पत्र्याकडे पाहिलं, त्या टाकीकडे पाहिलं आणि मला पुन्हा खाली आणलं. सेटशेजारी हिरव्या बनातीचा एक तुकडा अंथरला आणि त्यावर मला ठेवलं.

मला फार आनंद झाला. मित्रांनो, हे कबूल करणं मला जड जातं. मी तेव्हा नवा होतो, चकचकीत होतो, आणि मला त्या हिरव्या बनातीवर बसायचं होतं. समोर खिडकी होती, शेजारी सेटचा पिवळा दिवा होता. मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण विचारलं असतं तरी मी "टेबलावर" असंच म्हणालो असतो.

त्याने बटणं फिरवली. काटा थरथरला, खाली आला आणि डावीकडे आडवा झाला. "अगं, ये बघायला," त्याने बायकोला हाक मारली. "काटा झोपला!"

दोन गल्ल्यांपलीकडे एक औषधवाला होता, त्यालाही हाच छंद. त्याचा सेट छोटा, गावापुरता. मालकाने त्याला विचारलं, आवाज कसा येतोय? या छंदात आवाजाला गुण द्यायची रीत आहे. पहिला आकडा शब्द किती कळले त्याचा, तो पाचपैकी. दुसरा आवाज किती मोठा त्याचा, तो नवापैकी. औषधवाला म्हणाला, "पाच-नऊ! ठणठणीत! दुकानात ग्राहक दचकले."

पैकीच्या पैकी गुण मिळाले. माझ्या पत्र्यावरून त्याने हात फिरवला. मी आयुष्यात एवढा सुखी पुन्हा झालो नाही.

एक तारखेला सकाळी सात वाजता तिचा आवाज आला. खरखरीतून, पण अगदी स्पष्ट. "मुक्या, ताई बोलतेय. ऐकतोस का?"

माझा मालक सेटकडे सरकला. त्याने बोलायचं बटण दाबलं. काटा झोपलेला. "ताई," तो म्हणाला. "ताई, मी ऐकतोय. ताई, माझं चुकलं."

बटण सोडून त्याने वाट पाहिली. पलीकडून तिचा आवाज आला, "मुक्या, ताई बोलतेय. ऐकतोस का?" तीन वेळा. मग थोडा वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "बरं. आज वारा पश्चिमेकडून आहे. जोरात. उद्या पुन्हा हाक मारीन."

तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, तिला त्याचा एकही नाही. तुम्ही विचाराल, असं कसं? ऐकायला फार ताकद लागत नाही. केबलने वाटेत थोडा आवाज खाल्ला तरी त्याच्याबरोबर खरखरही खाल्ली जाते आणि शब्द उरतो. बोलायचं म्हणजे मात्र तारेतून खरी ताकद आभाळात सुटावी लागते. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा कळत होतं का, याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकत नाही. माझ्या एका बाजूला सेट शांत होता. दुसऱ्या बाजूला, केबलमध्ये, काहीतरी ये-जा करतंय, धडका देतंय, असं मला जाणवायचं. पण माझा काटा सेटकडचा. तो झोपलेला असायचा. मालक त्याच्याकडे पाहायचा आणि त्याची खात्री पटायची, की आपल्याकडून सगळं बरोबर आहे.

"तिचाच सेट बिघडलाय," तो बायकोला सांगायचा. "ऐकायचा भाग. माझ्याकडे बघ, काटा कसा झोपलाय."

बायको म्हणायची, "काटा झोपलाय हो, पण माणूस जागं व्हायला हवं ना तिकडचं."

तो हवामान खात्याच्या कचेरीत गेला. त्यांची बेटाशी सरकारी बिनतारी चालू होती. दारातच त्याने तीन फेऱ्या मारल्या आणि मग आत जाऊन कारकुनाला इतक्या हळू सांगितलं, की त्याला दोनदा सांगावं लागलं. कारकून म्हणाला, "काका, सरकारी बिनतारीवर घरगुती रुसवेफुगवे काढायला लागलो तर वादळाची बातमी कोण देणार?" आणि सगळी कचेरी हसली. माझा मालक घरी आला, जेवला नाही, आणि पुन्हा त्या दारात गेला नाही.

असे दिवस गेले. सकाळी सात वाजता ती हाक मारायची. आधी वारा सांगायची, मग पाऊस, मग घरचं काहीतरी. "मुक्या, तुला आठवतं का, तू शाळेत कविता म्हणायला उभा राहिलास आणि मीच मागच्या बाकावरून सगळी म्हणून टाकली?" तो रडत हसायचा, बटण दाबायचा, "आठवतं, ताई, आठवतं!" आणि ती पुढे बोलत राहायची, जणू भिंतीशी. शेवटी नेहमी म्हणायची, "अजून राग आहे वाटतं. असू दे. उद्या पुन्हा."

त्याची कामं तुंबली. एका म्हाताऱ्याच्या कवळीत त्याने दोन सुळे उलटे बसवले. डॉक्टरांचा निरोप आला, "दातवाले, लक्ष कुठे आहे?"

ऐंशीव्या दिवसाच्या सुमाराला तिच्या आवाजात खोकला आला. मग धाप. वारा आणि पाऊस सांगतानाच ती दमायची. सत्त्याऐंशीव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मुक्या, छातीत फार दुखतं रे. इथे डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे, तो बिचारा गोळ्या देतो. बोटीला अजून महिना आहे. बोटीपर्यंत माझा निभाव लागेल असं वाटत नाही. तू एकदा नुसतं 'ऊं' केलंस तरी चालेल मला. शब्द नको. नुसतं 'ऊं'."

तो "ऊं, ऊं, ऊं" करत राहिला. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. काटा झोपलेला होता.

त्याच दिवशी दुपारी लाइनमन परत आला. लेकीकडे कवळी सैल झाली होती आणि बोलताना शिटी वाजत होती, ती घट्ट करून घ्यायला. सगळं ऐकून त्याने शिटी वाजवत विचारलं, "केबल कुठून गेलीय?"

खिडकीतून बाहेर निघालेल्या केबलवर त्याने हात ठेवला. "बटण दाबा. आणि बोलत राहा."

माझा मालक बोलत राहिला. लाइनमनचा हात केबलवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"दातवाले, ही कोमट लागतेय."

"उन्हाने असेल."

"आज ऊन आहे कुठे?" तो तडक वर गच्चीत गेला. खिशातला टेस्टर काढून, ज्यात छोटा निऑनचा दिवा असतो तो, त्याने तारेच्या टोकाशी धरला. तारेत जीव असेल तर तो दिवा नुसता जवळ नेला तरी लाल पेटतो. दिवा पेटला नाही. खाली येऊन तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तुमचं सगळं बोलणं ही केबल खातेय. गेले तीन महिने. वर काहीच पोचत नाही. औषधवाल्यापर्यंत दोन गल्ल्या जायला केबलमधून गळलेलं पुरतं."

"पण काटा..."

"काटा सेटचा हो! सेट खूश आहे, एवढंच सांगतो तो." आणि त्याने आपल्या तोंडातली कवळी काढून टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात टाकली. बोळक्या तोंडाने म्हणाला, "कशी दिशतेय? शुंदर दिशतेय ना पेल्यात? आता शांगा, पेल्यात ठेवून मी जेवू कशा?"

कुणी हसलं नाही. माझ्या मालकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग मात्र तिघांनी घाई केली. साचे ठेवायची लाकडी पेटी रिकामी केली, तिला आतून मालकाचा जुना रेनकोट कापून लावला आणि मला त्यात घालून गच्चीवर नेलं, तारेच्या अगदी बुडाशी. पण आता अडचण अशी, की बटणं वर आणि सेट खाली. मालक खाली बोलायचं बटण दाबून बसला. लाइनमन जिन्याच्या मध्यावर उभा राहून ओरडू लागला. आणि माझी गुलाबी बटणं फिरवायला वर होती मालकाची बायको, एका हातात तो टेस्टर धरून.

"डावीकडे फिरवा, वहिनी!"

"कुणाच्या डावीकडे? माझ्या की त्याच्या?"

"त्याला कुठली आली डावी बाजू? तुमच्या!"

"मग तसं सांगा ना! फिरवलं. काही नाही."

"दुसरं फिरवा. हळू. कवळी बसवतात तसं."

"मला काय माहीत कवळी कशी बसवतात! तीस वर्षं नुसतं प्लास्टर पुसतेय मी..." आणि ती एकदम थांबली. टेस्टरमध्ये एक लाल ठिणगी दिसली होती. तिने बटण केसभर फिरवलं. ठिणगीचा दिवा झाला. आणखी केसभर. दिवा असा लाल झाला, की तिचा अंगठा लाल दिसू लागला. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "आता जातंय."

मित्रांनो, मलाही ते जाणवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातून काहीतरी खरोखर पलीकडे गेलं. त्या ओल्या टाकीखाली, कबुतरांच्या घाणीत, मला माझं काम सापडलं.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी सकाळी सात वाजता तो सेटसमोर बसला. त्याने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. पण तिची हाक आली नाही. नुसती खरखर. पाच मिनिटं थांबून त्यानेच सुरुवात केली. त्या पोस्टकार्डाबद्दल तो बोलला. माफी मागितली. "ताई, ऐकू आलं तर नुसतं 'ऊं' कर," असं म्हणाला. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तो घरचं सगळं बोलला, उलट्या बसवलेल्या सुळ्यांचंसुद्धा. तिसऱ्या दिवशी आईबद्दल बोलला. तिने शेवटी काय खाल्लं, कुठली चादर पांघरली होती, ताईचं नाव कसं घेतलं. पलीकडे शांतता.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं. तो गच्चीवर आला आणि पेटीसमोर उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला दिसत होतं. तो शंकेखोर माणूस होता, आणि शंका नेहमी स्वतःवरच घ्यायचा. याला वर आणलं आणि त्याच दिवसापासून ताईचा आवाज गेला. म्हणजे आपणच काहीतरी बिघडवलं. खाली होता तेव्हा निदान तिचं ऐकू तरी येत होतं.

बायको मागे उभी होती. "अहो, राहू द्या वर. दिवा पेटला होता, मी पाहिलाय ना."

"दिव्याने काय होतं? ती बोलायची थांबली."

"आणखी एक दिवस. माझ्यासाठी."

"पाऊस येईल. याचं वाटोळं होईल."

त्याने तारा सोडल्या, मला छातीशी धरलं आणि खाली आणलं. हिरव्या बनातीवर ठेवलं. सकाळी सात वाजता तो बोलला. काटा झोपला होता. पावसाचा मोठा आवाज होता आणि तिची हाक आली नाही. नंतर कधीच आली नाही.

महिन्याने बोटी सुरू झाल्या. पहिल्या बोटीने केंद्रप्रमुखांचं पत्र आलं आणि एक ट्रंक. ताई गेली होती. ट्रंकेत तिचे कपडे, एक चष्मा आणि रेडिओची नोंदवही होती. या छंदातली माणसं रोजच्या बोलण्याची नोंद ठेवतात. कुणाशी बोललो, किती वाजता, आवाज कसा. माझ्या मालकाने ती वही माझ्याच शेजारी टेबलावर उघडली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. सत्त्याऐंशी दिवस एकच ओळ होती. "७.००. मुक्याला हाक. उत्तर नाही." फक्त सत्त्याऐंशीव्या ओळीखाली आणखी एक ओळ होती : "जनरेटरचं डिझेल संपलं. सरकारी बिनतारीही बंद. आता बोलता येणार नाही. ऐकायचा सेट सेलवर चालतो, तेवढा चालू ठेवीन."

मग अठ्ठ्याऐंशीवा दिवस. अक्षर वाकडं झालेलं.

"७.०५. मुक्या!! पाच-नऊ. माफी मागतो म्हणे. वेडा."

"७.०२. मुक्या. पाच-आठ. सुळे उलटे बसवले. हसले, मग खोकला."

"७.००. मुक्या. पाच-नऊ. आईने माझं नाव घेतलं होतं."

आणि मग शेवटची ओळ. त्याखाली वही कोरी होती.

"आज मुक्या नाही. तिकडे पाऊस असेल. उद्या येईल."

तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. "मी म्हटलं होतं ना" असं बायको म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे जन्मभर नाही. संध्याकाळी ती उठली, तिने मला उचललं, आणि दोघं जिना चढून वर आली. पाऊस चालू होता. भिजत त्याने तारा जोडल्या. तिने टेस्टर धरला. दिवा लाल झाला.

त्यानंतर मी कधी खाली आलो नाही. माझा मालक रोज सकाळी सात वाजता ताईला हाक मारायचा आणि दोन-चार वाक्यं बोलायचा. वारा कुठला आहे, किती कवळ्या झाल्या. औषधवाला एकदा त्याला म्हणाला, "अहो, उत्तर कोण देणार तुम्हाला?" तो म्हणाला, "उत्तर आलं नाही म्हणजे ऐकलं नाही असं नसतं." लाजऱ्या माणसाचं एवढं मोठं वाक्य औषधवाल्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मी गंजलो. माझं पॉलिश पहिल्याच वर्षी गेलं. दुसऱ्या वर्षी पात्यांवर पांढरी बुरशी धरली, ती त्याने दात घासायच्या ब्रशने काढली. पुढे त्याचे गुडघे गेले, तेव्हा बायको वर यायची, कबुतराचं घरटं बाजूला करायची, बटणं पुसायची आणि म्हणायची, "आहेस ना रे?" मग तोही गेला. तिने तार उतरवू दिली नाही. मग तीही गेली. नवे भाडेकरू आले, त्यांनी तार काढून कपडे वाळत घातले. पेटी कुजली. लाइनमनने माझ्या अंगाला सुतळीने बांधून ठेवलेला टेस्टर अजून तसाच आहे. तो पेटून कितीतरी वर्षं झाली.

मित्रांनो, परवा तुमच्यातल्या एका मुलीने माझं एक गुलाबी बटण उपटून ओठांत धरलं आणि म्हाताऱ्या बाईची नक्कल केली. तुम्ही सगळे हसलात. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. ते बटण हिरडीच्याच मसाल्याचं आहे, ते तोंडाजवळ गेलं यात नवल नाही. फक्त ते हरवू नका, एवढीच विनंती. आणि जमलं तर मला टाकीखालून काढून जरा कोरड्या जागी ठेवा. टेबलावर नको. माझी तेवढी लायकी नाही, आणि हौसही उरलेली नाही.

दुसरी एक विनंती आहे. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून विनंतीच म्हणतो. तुमचं कुणाशी भांडण झालं, आणि मग तुम्ही गोड बोललात, आणि तुमच्या बाजूचा काटा झोपला, तर तेवढ्यावर थांबू नका. जिना चढून वर जा. पलीकडे पोचलं का ते बघा. आणि पोचत असेल, तर उत्तर येत नाही म्हणून पाऊस यायच्या आत सगळं काढून खाली आणू नका. आणखी एक दिवस राहू द्या. पलीकडे कुणीतरी डिझेल संपलेलं, सेलवर कान लावून, तुमची वाट पाहत असेल.